एआयच्या फोटोत चादरीची नक्षी बदलते: वारंवार येणारी अडचण आणि तिचा इलाज

अडचण अशी आहे. चादरीचा फोटो मोबाईलवर काढला, एआयला दिला आणि सांगितलं, 'ही चादर छानशा बेडरूममध्ये पलंगावर अंथरलेली दाखव.' फोटो आला सुरेख. खिडकीतून कोवळं ऊन, मागे पडदा, बाजूला लाकडी स्टूल. जरा जवळून बघितलं तर चादर आपली नाहीच. मोराची मान लांब झालीय, काठातल्या चौकटींच्या जागी फुलं आलीत, मरूनचा विटकरी झालाय. परत काढायला सांगितलं तर मान सरळ होते आणि काठ बिघडतो. तिसऱ्यांदा काठ जमतो, तर कोपऱ्यातल्या विणलेल्या नावाची अक्षरं कुठल्याच लिपीतली राहत नाहीत.

मी सोलापुरातल्या चादर-टॉवेलवाल्यांना ऑनलाइन दुकानाचे फोटो आणि जाहिराती करून देतो. पूर्व भागातले छोटे कारखाने, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले थोडे मोठे, आणि आता घरबसल्या विकणाऱ्या काही बायकाही माझ्याकडे येतात. प्रश्न सगळ्यांचा हाच, आणि सूचना बदलून बदलून तो सुटत नाही. तो का सुटत नाही आणि मी काय करतो, ते नीट सांगतो.

पहिल्यांदा हे माझ्याच कामात घडलं. एका कारखान्याच्या मोराच्या चादरीचे सहा फोटो एआयकडून करून घेतले, मालकांना आवडले, दुकानात चढवले. पंधरा दिवसांत दोन चादरी परत आल्या. एका गिऱ्हाइकाने लिहिलं होतं, 'फोटोत काठाला फुलं आहेत, आलेल्या चादरीला चौकटी आहेत.' मालकांनी तो फोटो माग लावणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराला, म्हणजे जॉबरला, दाखवला. त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "दादा, ही चादर आपल्या मागावर निघणारच नाही. हा पिसारा बघा, कसा गोल फिरलाय. आपल्या कापडात गोलाई पायरी-पायरीने येते."

मी खरी चादर घेतली आणि मोराच्या पाठीवर बोट ठेवून बघितलं. खरंच पायऱ्या होत्या. दोन धागे वर, एक बाजूला, पुन्हा दोन वर. लांबून गोल दिसणारी रेघ जवळून जिन्यासारखी. एआयच्या मोराची पाठ पेन्सिलने काढल्यासारखी गुळगुळीत होती. त्या दिवसापासून फोटो तपासायची माझी रीतच बदलली.

बिघडलंय हे ओळखायचं कसं

सोलापुरी चादर जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणली जाते. जॅकार्डमध्ये नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर असते. कुठला उभा धागा उचलायचा आणि कुठला नाही, ते कार्ड ठरवतं. कार्डांची माळ फिरून पुन्हा पहिल्यावर आली की तीच नक्षी पुन्हा विणली जाते, धाग्याला धागा जुळवून. त्यामुळे खऱ्या चादरीत पहिलं फूल आणि दहावं फूल यांत फरक नसतो. (ही भोकाच्या कार्डांची युक्ती फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमाराची. पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात तीच घेतली. ज्या संगणकावर आपण आज हे फोटो करतो, त्याच्या पूर्वजांत एक माग आहे, ही गोष्ट मला मागाच्या गावात राहून फार जवळची वाटते.)

एआयला कार्ड माहीत नाही. तो प्रत्येक फूल नव्याने रंगवतो. म्हणून पहिली तपासणी साधी आहे: मोजा. काठातल्या चौकटी खऱ्या चादरीवर बोटाने मोजा, मग फोटोत मोजा. खऱ्यात २४ आणि फोटोत २१ असतील तर पुढचं काही बघायची गरज नाही. आकडा जुळला तर डावीकडची दोन फुलं आणि उजवीकडची दोन फुलं झूम करून शेजारी शेजारी ठेवा. पाकळ्यांत फरक असेल तर ती चादर विणलेली नाही, रंगवलेली आहे.

दुसरी खूण पालटलेल्या कोपऱ्याची. आपली नेहमीची चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, कारण रंग उलटतात. वर मरून जमिनीवर (म्हणजे कापडाच्या मूळ रंगावर) पांढरा मोर असेल तर खाली पांढऱ्या जमिनीवर मरून मोर येतो. एआय पलंगावर चादर दाखवताना एक कोपरा हमखास दुमडतो, कारण ते सुंदर दिसतं. त्या दुमडीवर बघा. तिथे वरचेच रंग असतील, किंवा साधं पांढरं अस्तर असेल, तर फोटो बाद. सोलापूरच्या माणसाला हे चटकन खटकतं, पण बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला खटकत नाही. त्याला वाटतं चादरीला अस्तर आहे, आणि पार्सल उघडल्यावर आपण फसवलं गेलो असं त्याला वाटतं.

तिसरी खूण विणलेलं नाव. त्याबद्दल जास्त सांगायला नको. अक्षरं वाचता आली नाहीत की फोटो गेला.

असं होतं कशामुळे

बहुतेकांना वाटतं, एआय आपला फोटो घेतो आणि मागचं फक्त बदलतो. तसं होत नाही. पुष्कळ चित्र-एआय आधी तुमचा फोटो आवळून लहान करतात आणि त्या लहान रूपावर काम करून पुन्हा मोठं चित्र उलगडतात. स्टेबल डिफ्यूजन हे चित्र-एआय २०२२ मध्ये आलं, तेव्हा त्यात ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं चित्र ६४ बाय ६४ च्या जाळीत बसवलं जायचं. म्हणजे आठ बाय आठ पिक्सेलचा एक चौकोन जाळीतल्या एका घरात. खोली, पलंग, ऊन या गोष्टी त्यातून सहज निभावतात. धागा निभावत नाही.

आता चादरीचा हिशोब करा. ६० इंच रुंदीची चादर १०२४ पिक्सेल रुंदीच्या चित्रात काठोकाठ बसवली तरी एका इंचाला जेमतेम १७ पिक्सेल येतात. आपल्या चादरीत एका इंचात धागे त्याहून जास्त असतात. मुळात तेवढी माहिती चित्रात मावतच नाही, मग उलगडताना एआय ती भरून काढतो, आणि भरताना त्याने आजवर पाहिलेल्या चादरींवरून अंदाज करतो. त्यात आपल्या चादरी किती असणार? नुसतं 'सोलापुरी चादर' लिहून मी कितीदा तरी करून पाहिलं, दर वेळी छापील रजईसारखं काहीतरी आलं. आपल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. ती ओळख विणीत आहे, आणि नेमकी वीणच या फोटोत हरवते. मला याचं वाईट वाटतं, म्हणून मी या एका गोष्टीवर अडून बसतो.

अलीकडची मॉडेलं पुष्कळ सुधारलीत, दिलेली वस्तू बऱ्यापैकी जपतात. कॉफीच्या मगावरचं चित्र, बाटलीचा आकार, चपलेचा पट्टा आता बरा राहतो. पण बारीक, मोजता येणारी, पुन्हा पुन्हा येणारी नक्षी अजून घसरते. 'नक्षी बदलू नकोस' असं दहा वेळा लिहून मी पाहिलंय. त्याने घसरण कमी होते, थांबत नाही.

इलाज: कापडाला एआयचा हात लागू द्यायचा नाही

खोली एआयची, चादर कॅमेऱ्याची. एवढं पाळलं की नव्वद टक्के कटकट संपते.

याची सुरुवात फोटो काढतानाच होते, आणि इथेच लोक कंटाळा करतात. घडी घातलेल्या चादरीचा फोटो देऊन ती पलंगावर अंथरून मिळत नाही. घडीच्या आत काय आहे ते एआयला दिसलेलंच नसतं, तो ते मनाने रंगवतो. पलंगावरची चादर हवी असेल तर ती आधी खरोखर अंथरावी लागते. माझ्याकडे गच्चीवरच्या खोलीत एक जुना दिवाण आहे. त्यावर पांढरी बेडशीट घालतो आणि वर चादर. इस्त्री केलेलीच, कारण सुरकुत्या एआयकडून काढून घ्यायला गेलात तर प्रत्येक सुरकुतीबरोबर थोडी नक्षी जाते. कोपरा दुमडायचा तर हाताने दुमडतो, म्हणजे उलट्या बाजूचे रंग खरे येतात. उन्हाळ्यात साडेसात-आठपर्यंत काम उरकतो. सोलापूरचं ऊन एकदा चढलं की पांढरा रंग फोटोत जळतो आणि धागा दिसेनासा होतो. खिडकीतून येणारा सावलीतला उजेड सगळ्यात चांगला. ट्यूबलाइट बंद करायची, नाहीतर एका बाजूने निळसर आणि दुसऱ्या बाजूने पिवळसर उजेड पडतो, आणि ते नंतर सुधारता येत नाही.

मोबाईलच्या पडद्यावर कापडावर पाण्यासारख्या लाटा दिसल्या तर घाबरू नका. धाग्यांची जाळी आणि कॅमेऱ्याच्या पिक्सेलांची जाळी एकमेकांवर येऊन तसं होतं. एक पाऊल पुढे किंवा मागे सरका, जातात.

मग हा फोटो एआयला द्यायचा. मी साधारण असं लिहितो: 'दिवाण, चादर आणि कॅमेऱ्याचा कोन जसाच्या तसा ठेव. चौकट बदलू नकोस. फक्त मागची भिंत आणि फरशी बदल. साधी पांढरी भिंत, शहाबादी फरशी, उजेड डावीकडच्या खिडकीतून, दुपारचा नैसर्गिक पांढरा उजेड. चादरीवर काहीही ठेवू नकोस.' उजेडाची बाजू लिहायला विसरू नका. तुमच्या फोटोत उजेड डावीकडून आणि खोलीत उजवीकडून असेल तर बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण फोटो खोटा वाटतो.

येणाऱ्या चित्रातली चादर बिघडलेली असणार, हे गृहीत धरा. ज्या साधनात मास्क लावून चादर झाकता येते, तिथेही सगळं चित्र आतून एकदा आवळून उलगडून येतं आणि कापड थोडं मऊ पडतं. म्हणून पुढची पायरी टाळायची नाही: मूळ फोटो परत वर चढवायचा. फोटोशॉप नसेल तर फोटोपिया ब्राउझरमध्ये फुकट चालतं, त्यात लेअर, म्हणजे एकावर एक ठेवायचे चित्रांचे थर, आहेत. खाली एआयचं चित्र मोठं करून ठेवा, वर आपला मूळ फोटो, आणि मूळ फोटोतली भिंत-फरशी मास्कने झाका. खालचं चित्र मोठं करताना भिंत थोडी धूसर झाली तरी चालते, उलट कॅमेऱ्याने मागचं धूसर टिपल्यासारखी दिसते. चादर मात्र मूळ फोटोची, पूर्ण पिक्सेलांची.

जोड कुठे द्यायचा, यात खरी खुबी आहे. सगळे चादरीच्या काठाकाठाने कापतात. त्याने काठ करवतीने कापल्यासारखा दिसतो, आणि ज्या चादरीला गोंडे असतात तिचे निम्मे गोंडे जातात. मी चादरीच्या बाहेर दोन-तीन इंच खरी पांढरी बेडशीट ठेवतो आणि जोड त्या बेडशीटवर देतो. चादरीची खरी सावली त्या दोन इंचांत आपोआप येते, गोंडे शाबूत राहतात, आणि पांढऱ्यावर पांढऱ्याचा जोड कुणाला सापडत नाही. बेडशीट पांढरी का घालायची, ते आता लक्षात आलं असेल.

एआयने दिवाण सरकवला किंवा कोन बदलला तर वरचा फोटो जुळत नाही. अशा वेळी चादर ओढून-ताणून बसवू नका. चित्र टाकून द्या आणि दुसरं मागा. ताणलेल्या चादरीत मोर जाडा होतो आणि आपण सुरुवातीच्या ठिकाणी परत येतो.

बारीकसा सुटा धागा किंवा डाग पुसायला एआयची गरज नाही. क्लोन ब्रशने शेजारचं कापड तिथे आणता येतं. कापडात खरा दोष असेल, तर मात्र तो पुसायचा नाही. दुसरी चादर घ्यायची.

रंग

नक्षी जमली तरी रंगावरून माल परत येतोच. 'संध्याकाळचं सोनेरी ऊन' असं लिहिलं की एआय सगळ्या चित्रावर पिवळट थर देतो. वरची चादर मूळ फोटोची असेल तर ती वाचते, पण मग खोली सोनेरी आणि चादर पांढऱ्या उजेडातली, असं विचित्र दिसतं. म्हणून खोलीच पांढऱ्या उजेडाची मागवा.

मरूनचं दुखणं वेगळं आहे. मोबाईलचा कॅमेरा गडद लाल रंगात लवकर भरून वाहतो. लाल पिक्सेल कमाल आकड्याला पोचले की छटा संपतात, आणि मरून भडक, सपाट दिसतो. फोटो काढताना पडद्यावर चादरीला बोट लावून उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. फोटो अंधुक वाटला तरी चालेल, नंतर उजळवता येतो. वाहून गेलेला लाल परत येत नाही. तयार फोटो एसआरजीबीमध्ये (बहुतेक मोबाईल आणि वेबसाइट वापरतात ती रंगांची पद्धत) जतन करा, आणि शेवटी खरी चादर खिडकीशी धरून दोन वेगवेगळ्या मोबाईलवर शेजारी बघा. स्वस्तातला एक आणि चांगला एक. दोन्हींत थोडा फरक राहणारच. मरूनचा विटकरी किंवा गुलाबी झाला नाही, एवढं बघायचं.

आकार

ही चूक नक्षीपेक्षा जास्त महागात पडते. चादर ६० बाय ९० ची. एआय ती मोठ्या डबल बेडवर दाखवतो आणि दोन्ही बाजूंनी फरशीपर्यंत सोडतो. प्रत्यक्षात ६० इंचांच्या गादीवर ती रुंदीला नेमकी काठाला काठ बसते, बाजूला एक इंचही लोंबत नाही. ७२ इंचांच्या गादीवर तर एक फूट कमीच पडते. गिऱ्हाईक म्हणतं, 'छोटी पाठवली.' त्याचं काय चुकलं? म्हणून खरी चादर खऱ्या दिवाणावर घालणं हाच इथेही इलाज आहे. शिवाय एक फोटो असा ठेवा की ज्यात माणूस चादर अंगावर घेऊन बसलाय. माणूस खरा, चादर खरी. मोजमापाचा आकडा कुणी वाचत नाही, पण खांद्यापासून पायापर्यंत चादर किती येते हे लगेच कळतं.

दुकानाचे आणि कायद्याचे नियम

ॲमेझॉनवर पहिला फोटो शुद्ध पांढऱ्या पार्श्वभूमीवर लागतो, आरजीबीत (लाल, हिरवा, निळा) तिन्ही आकडे २५५, आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापायला हवा. या फोटोत एआयची खोली आणायचीच नाही. खोलीचे फोटो दुसऱ्या क्रमांकापासून पुढे. गूगलवर माल दाखवण्यासाठी विक्रेते वापरतात त्या मर्चंट सेंटरचा नियम असा की एआयने बनवलेल्या चित्रात तशी मेटाडेटाची (फाइलमध्ये लपलेल्या माहितीची) नोंद असेल तर ती काढून टाकायची नाही. आपल्याकडे फोटो व्हॉट्सॲपवरून इकडून तिकडे जातात. त्यात फोटो आवळला जातो आणि ही नोंदही गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, दोन्ही वाचतं.

२०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार विक्रेत्याची जाहिरात मालाच्या प्रत्यक्ष गुणांशी जुळायला हवी, आणि जाहिरातीत दाखवल्यासारखा माल नसेल तर तो परत घ्यायला नकार देता येत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे. 'एआयने केलं' हे उत्तर तिथे चालणार नाही, कारण फोटो आपण चढवलेला असतो. मी प्रत्येक वर्णनात एक ओळ घालतो: 'चादर प्रत्यक्ष छायाचित्रातील आहे, खोलीची पार्श्वभूमी संगणकावर तयार केली आहे.' या ओळीने विक्री कमी झाल्याचं एकाही मालकाने मला सांगितलेलं नाही.

टॉवेल असेल तर

टेरी टॉवेलवर धाग्याचे उभे फासे असतात, पाणी शोषतात ते तेच. एआय त्यांची मखमल करतो, नाहीतर मांजराच्या अंगासारखी लव. जोडाची वरची युक्ती टॉवेललाही चालते, पण टॉवेल विकायला तेवढं पुरत नाही. फासा दिसायलाच हवा. टॉवेल खिडकीजवळच्या टेबलावर सपाट पसरा आणि उजेड समोरून न घेता एका बाजूने, जवळजवळ कापडाला घासून जाईल असा घ्या. प्रत्येक फाशाची छोटी सावली पडते आणि दाटपणा दिसतो. मोबाईल चार-पाच इंचांवर आणून एकच फोटो काढा, एक कोपरा उलटून, म्हणजे किनारीची शिवणही येईल. त्या फोटोला एआय लावू नका, फिल्टरही नको. गिऱ्हाईक तोच सगळ्यात जास्त झूम करून बघतं.